चूर्ण टेबलावर, गोळी कपाटात

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. उलट जे घडलं ते लिहावं की नाही, यातच वर्ष गेलं. शेवटी ज्याच्याबद्दल लिहायचं त्यानेच परवा फोनवर सांगितलं, "लिही ताई. फक्त माझं नाव घालू नकोस, आणि कंपनीचं तर अजिबात नको." म्हणून हा खटाटोप. आणि हो आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच, मग रागव :)

विषय तसा साधा. छातीत धडधड, विनाकारण भीती, झोप नाही, हातापायाला घाम... ज्याला हल्ली सगळे 'ऍंग्झायटी' म्हणतात, त्यावर झाडपाल्याचं औषध बरं की डॉक्टरांची गोळी? आमच्या घरात या प्रश्नावर दोन वर्षं चर्चा झाली. चर्चा म्हणजे काय, एकीकडे आत्या आणि दुसरीकडे बाकीचे, असा सामना. त्यात मी कुठल्या बाजूला, हे मला तेव्हाही नीट सांगता यायचं नाही. त्याला कारण आहे माझं माहेर.

मी पिंपरीची. म्हणजे एच.ए. कॉलनीतली. नव्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगते. एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली सरकारने पिंपरीत काढलेली पेनिसिलिनची कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिलेली. तेव्हा आजूबाजूला ना टेल्को होती ना बजाज, पिंपरी म्हणजे गाव आणि कॅम्प. आजच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्याची सुरुवात एका औषधाच्या कारखान्यापासून झाली, हे मला फार आवडतं. माझे बाबा तिथे फर्मेंटेशनला होते. मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची, तिला मक्याचं पाणी पाजायचं, हवा द्यायची, तापमान सांभाळायचं आणि ती जे पाझरते ते गाळून, शुद्ध करून, मोजून बाटलीत भरायचं. बाबांच्या कपड्यांना एक आंबूस वास यायचा. आईला तो कधीच आवडला नाही, मला अजूनही आठवतो.

तर अशा घरात वाढलेल्या मुलीला कुणी 'नैसर्गिक विरुद्ध केमिकल' असं सांगायला लागलं की तिचा जरा गोंधळच होतो. पेनिसिलिन नैसर्गिक की केमिकल? बुरशीने बनवलं, म्हणजे नैसर्गिकच की! एच.ए.च्याच प्रयोगशाळेत तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'हॅमायसिन' नावाचं बुरशीविरोधी औषध शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं नावच मुळी 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'. आमच्या पिंपरीच्या नावाचा जिवाणू! बाबा हे पाहुण्यांना इतक्या अभिमानाने सांगायचे की जणू त्यांनीच बारसं केलं होतं. पुढे ते हमखास जोडायचे, "बुरशी पेनिसिलिन आपल्यासाठी करत नाही रे, स्वतःला वाचवायला करते. निसर्गाला तुमच्या तब्येतीशी काही देणंघेणं नाही. औषध होतं ते मोजल्यावर." हे ऐकून पाहुणे चहा संपवायचे.

असो. बाबा आता नाहीत. असते तर हा सामना लवकर संपला असता.

माझा धाकटा भाऊ चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. क्वालिटीला. या धंद्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठी कंपनी माल साठवून ठेवत नाही. तास-दोन तासांच्या हिशेबाने सुटे भाग लाइनवर पोचायचे. तुमचा भाग पोचला नाही किंवा खराब निघाला तर त्यांची लाइन थांबते, आणि थांबलेल्या मिनिटांचा हिशेब तुमच्या नावावर लागतो. रात्री अडीचला फोन येतो. तिसरी पाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला परत 'कस्टमर'कडे जाऊन उभा राहतो. असं सहा-सात वर्षं चाललं होतं.

२०२३ च्या जुलैत, कंपनीच्या बसमध्ये, मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना त्याला अचानक वाटलं की आपण आत्ता मरणार. छाती आवळली, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या. बसमधल्या लोकांनी त्याला खाली उतरवून रिक्षात घातलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. "गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घरी पाठवलं. टेन्शन घेऊ नका! जणू ते वाण्याच्या दुकानात मिळतं आणि हा मुद्दाम किलोभर घेऊन येतो. पंधरा दिवसांत दुसरा झटका, मग तिसरा. मग नाशिक फाट्याला बसमध्ये चढायचीच भीती.

इथून पुढे दोन औषधं एकाच वेळी सुरू झाली, आणि घरच्यांना त्यातलं एकच माहीत होतं.

माहीत असलेलं औषध आत्याचं. आत्याच्या ओळखीचे एक वैद्य आहेत. मनुष्य चांगला, नाडी बघून अर्धा तास बोलणारा. त्यांनी अश्वगंधा चूर्ण रात्री कोमट दुधातून, सारस्वतारिष्ट दोन वेळा जेवणानंतर, आणि आठवड्यातून एकदा अभ्यंग सांगितलं. जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी चूर्णाचा डबा आला. येणारा-जाणारा विचारायचा, "कुणाचं हे?" आणि भावजय सहज सांगायची, "ह्यांचं, झोपेसाठी." कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट विचारणारा आपल्या मेव्हण्याला कसा गुण आला ते सांगायचा.

माहीत नसलेलं औषध म्हणजे अल्प्राझोलॅम. आमच्याकडे फॅमिली डॉक्टर बहुतेक बीएएमएस असतात, पण औषधं लिहून देतात ऍलोपॅथीची. त्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. अशाच एका डॉक्टरांनी त्याला पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवसांसाठी दिल्या होत्या. गोळी घेतल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत जगातला सगळा गोंगाट कुणीतरी बारीक केल्यासारखं त्याला वाटलं. पाच दिवस संपले, चिठ्ठी खिशात राहिली, आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला त्याच जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला. पावाची अर्धी झाली, एक वेळची दोन वेळ झाली. पट्ट्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली.

(अल्प्राझोलॅम २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' मध्ये आहे. म्हणजे दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. वही होतीच म्हणे. त्यात काय लिहिलं जायचं ते तो आणि देव जाणे.)

गणपतीपर्यंत भाऊ चांगलाच सावरला. बसने जायला लागला, हसायला लागला. आणि आत्याने सगळ्या नातेवाइकांत जाहीर केलं, "अश्वगंधाने गुण आला!" त्या गणपतीत आमच्या घरच्या तीन माणसांनी अश्वगंधा सुरू केली.

आता गंमत बघा. खरंच गुण कशाने आला? चूर्णाने थोडा आलाही असेल, मी नाही म्हणत नाही. अश्वगंधेवर अभ्यास झालेले आहेत. २०१२ मध्ये हैदराबादला ६४ ताणग्रस्त लोकांवर एक चाचणी झाली होती. निम्म्यांना मुळाचा अर्क, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, ६० दिवस. अर्कवाल्यांचा ताण जास्त कमी झाला, रक्तातलं कॉर्टिसॉलही उतरलं. नंतर आणखीही चाचण्या झाल्या आणि त्यांचा कलही साधारण तसाच आहे. पण सगळ्या छोट्या, दोन-तीन महिन्यांच्या, बऱ्याच अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशाने झालेल्या. शिवाय त्यात वापरतात तो ठरावीक ताकदीचा अर्क. आमच्या डब्यातल्या एक चमचा चूर्णात काय आणि किती होतं हे वैद्यांनाही सांगता आलं नसतं. आणि 'मला ताण आहे' म्हणणारा माणूस वेगळा, बसमध्ये बसल्यावर आता मरतो असं वाटणारा माणूस वेगळा. पहिल्यासाठी जे चालतं ते दुसऱ्याला पुरेलच असं नाही.

पण हे सगळं मला नंतर वाचून कळलं. तेव्हा घरात सगळ्यांना दिसत होता तो फक्त टेबलावरचा डबा.

दिवाळी आली. मेडिकलवाला दुकान बंद करून गावी गेला. भाऊ दुसऱ्या दुकानात गेला तर त्यांनी ताजी चिठ्ठी मागितली (त्या माणसाला माझा नमस्कार). एक दिवस गेला, दुसरा गेला. भाऊबीजेला तो माझ्याकडे जेवायला आला तेव्हा गोळी बंद होऊन तिसरा दिवस होता. मी ओवाळत होते आणि त्याच्या हातातली सुपारी ताटात पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. हात थरथरत होते, डोळे लाल, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. स्वयंपाकघरात प्रेशर कुकरची शिट्टी झाली तर तो दचकून उभाच राहिला. मी म्हटलं ताप आहे का, तर म्हणाला, "ताई, दार लाव. सांगतो."

आणि सांगितलं. साडेचार महिन्यांचं सगळं.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं माहितेय? गोळ्यांचं नाही. तो म्हणाला, "आत्या सगळ्यांना सांगत होती ना चूर्णाने बरा झाला म्हणून. मग मला कसं सांगता येणार?"

त्याच आठवड्यात आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. पिंपरी-चिंचवडमध्ये पुष्कळ आहेत, पण त्याला पुण्यातलेच हवे होते. का? तर पिंपरीत कुणी जिन्यात बघितलं तर! आयुर्वेदाच्या पाटीखाली तो आरामात चपला काढून बसायचा, कुणी भेटलं तर गप्पा मारायचा. 'मनोविकारतज्ज्ञ' या पाटीखाली उभं राहायला मात्र त्याला पंधरा किलोमीटर लांब जावं लागलं. त्याच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते, आपल्या भागात असतेच बऱ्याच कंपन्यांना, त्यामुळे निदान रजेचं कारण तरी सांगावं लागलं नाही. बिलं मात्र त्याने कंपनीच्या विम्यात लावली नाहीत. एचआरला कळेल म्हणून.

माझं स्पष्ट मत झालंय की आपल्याकडे जडीबुटी आणि गोळी यांच्यातली निवड औषधाच्या गुणावर होतच नाही. ती पाटीवर होते. कुठलं औषध चारचौघांत टेबलावर ठेवता येतं, आणि कुठलं स्वेटरखाली लपवावं लागतं, यावर होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं होतं की चिंता-नैराश्यासारखे नेहमीचे मनोविकार असलेल्या लोकांपैकी साधारण ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. शंभरातले पंच्याऐंशी! त्यातल्या किती जणांच्या टेबलावर चूर्णाचा डबा असेल, कुणी मोजलं नसावं.

डॉक्टर बाई होत्या. शांत, फारसं न हसणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आणखी काय काय घेता? घरगुती, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, सगळं सांगा." भावाने सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, की 'असलं काही घेऊ नका' म्हणून झापलं नाही. नुसतं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, अरिष्टात अंगचंच थोडं अल्कोहोल तयार झालेलं असतं, ते आणि अल्प्राझोलॅम दोन्ही गुंगी आणणारे, आणि तुम्ही मशीनजवळ काम करता. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वैद्यांना गोळी माहीत नव्हती, मेडिकलवाल्याला अरिष्ट माहीत नव्हतं.

मला त्यावरून आठवलं, केईएममधल्या डॉक्टरांनी १९९२ साली एक शोधनिबंध छापला होता. फिट्स येणारे दोन रुग्ण, फेनिटॉइनच्या गोळीवर नीट सावरलेले, आणि अचानक परत फिट्स यायला लागल्या. का, तर त्यांनी जोडीला शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषध सुरू केलं होतं. मग उंदरांवर प्रयोग करून बघितलं तर ते औषध बरेच दिवस जोडीने दिल्यावर फेनिटॉइनची रक्तातली पातळी आणि परिणाम दोन्ही कमी झाले. शंखपुष्पी! जी आपण परीक्षेच्या आधी पोरांना चमच्याने पाजतो ती. युरोपातल्या 'सेंट जॉन्स वर्ट' नावाच्या वनस्पतीचं असंच आहे. सौम्य नैराश्यावर तिचा उपयोग होतो, पण ती यकृताला इतकं कामाला लावते की गर्भनिरोधक गोळीसुद्धा निकामी होऊ शकते. म्हणजे झाडपाल्यात दम नाही असं मुळीच नाही. दम आहे म्हणून तर सांभाळायचं.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं. थायरॉइड जास्त चालत असेल तर अगदी अशीच धडधड, थरथर, घाम. भावाचं नॉर्मल निघालं. (आत्याचं नाही. ते पुढे येतंय.) मग अल्प्राझोलॅमच्या जागी तशीच, पण शरीरात जास्त वेळ टिकणारी गोळी दिली आणि ती दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायचा तक्ता करून दिला. एकदम बंद करायची नाही, हे तीनदा सांगितलं. एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. जोडीला एसिटॅलोप्रॅम सुरू केलं.

ही दोन औषधं किती वेगळी आहेत, हे मला आधी माहीत नव्हतं. अल्प्राझोलॅमचं घराणं म्हणजे बेंझोडायझेपिन. १९६० मध्ये लिब्रियम बाजारात आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम. आली तेव्हा जुन्या झोपेच्या गोळ्यांपेक्षा फारच सुरक्षित, म्हणून जगभर वाटली गेली. सवय लागते हे पुरतं गळी उतरायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. ती लगेच काम करते, हाच तिचा गुण आणि हाच दोष. एसिटॅलोप्रॅमचं उलटं. पहिले दोन आठवडे काहीच होत नाही, किंबहुना भावाला जास्तच अस्वस्थ वाटलं, मळमळ झाली. "ताई, हे तर उलटंच होतंय," असा रोज फोन. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून टिकला. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकदा म्हणाला, आज बसमध्ये झोप लागली. मला देवापुढे साखर ठेवावीशी वाटली.

गोळीचं कौतुक करतेय असं समजू नका. त्याचं वजन चार किलो वाढलं. नवरा-बायकोतल्या काही गोष्टींवर परिणाम झाला, ते त्याने मला नाही, भावजयीने दबक्या आवाजात सांगितलं, आणि डॉक्टरांना विचारायला मीच बळेबळे पाठवलं. डोस बदलल्यावर बरंच सुधारलं. शिवाय या गोळ्यांच्या चाचण्यांमध्येही खोट्या गोळीवर पुष्कळ लोकांना बरं वाटतं. खऱ्या गोळीवर त्याहून जास्त लोकांना वाटतं, इतकंच. पण ते 'इतकंच' हजारो लोकांवर मोजलेलं आहे, आणि दुष्परिणाम कागदावर छापलेले आहेत. चूर्णाच्या डब्यावर फक्त 'वैद्यांच्या सल्ल्याने' एवढंच छापलेलं होतं.

आणि गोळीइतकंच, कदाचित जास्तच, काम झालं ते समुपदेशनाने. ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच संस्थेमुळे (१९९० पासून आहे) आपल्या मराठी माणसांना विवेकनिष्ठ विचारपद्धती वगैरे शब्द निदान ऐकून तरी माहीत असतात. भावाला पिंपरीतच एक समुपदेशक मिळाल्या. त्यांनी त्याला काय शिकवलं? तर धडधड सुरू झाली की पळायचं नाही. बसायचं आणि घड्याळ लावून बघायचं ती किती वेळ टिकते. क्वालिटीचा माणूस! त्याने वही केली. तारीख, वेळ, ठिकाण, किती मिनिटं, दहापैकी किती भीती. शेवटी शेवटी तर आलेखच काढला. "ताई, हिचा प्रोसेस कंट्रोलच गेला होता," म्हणाला.

आता आयुर्वेदाबद्दल. मी वैद्यांच्या विरोधात नाही. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांची यादी आहे, त्यात 'अनवस्थितचित्तत्व' आहे: मन ठिकाणावर नसणं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून ते नोंदवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि मनावरच्या आधुनिक औषधांचा इतिहास काढला तर त्यात आपली एक मुळी आहेच. सर्पगंधा. बिहारकडे तिला वेड्यांचं औषध म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिक बोस यांनी ती वेड आणि रक्तदाब दोन्हींवर चालते असं लिहिलं. पण जगाने ऐकलं कधी? तर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ती मोजली तेव्हा. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा निबंध आला, ५० रुग्णांचा: आधी रक्तदाब किती, गोळी दिल्यावर किती, बंद केल्यावर किती. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचं लिहिलं. १९५७ चे लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन दोघांनाही मिळाले. आणि मग लक्षात यायला लागलं की रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात. म्हणून ते मागे पडलं. त्या उदासीचं कारण शोधताना मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांकडे लोकांचं लक्ष गेलं (ते कारण पूर्ण बरोबर होतं का, यावर आजही वाद आहे), आणि पुढे त्याच वाटेवर कुठेतरी भावाची गोळी आहे.

म्हणजे सर्पगंधा केव्हा आयुर्वेद होती आणि केव्हा ऍलोपॅथी झाली? बाबांच्या भाषेत, मोजली तेव्हा.

न मोजलेल्याचं काय होतं तेही सांगते. २००४ साली बोस्टनमधल्या भारतीय दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं विकत आणून तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. त्यातल्या काहींत भस्मं मुद्दाम घातलेली असतील, काहींत भेसळ, पण घेणाऱ्याला कुठे माहीत? दुसरं म्हणजे नावं. 'ब्राह्मी' म्हणून दोन वेगळ्याच वनस्पती विकल्या जातात, आणि शंखपुष्पीच्या नावावर तर तीन-चार. आणि अश्वगंधेची मुळं वापरायची हे ग्रंथात असताना काही कारखानदार स्वस्त पानं घालायला लागले, म्हणून २०२१ मध्ये खुद्द आयुष मंत्रालयाला पानं वापरू नका असं सांगावं लागलं. गेल्या काही वर्षांत अश्वगंधेमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्णही नोंदले गेलेत, आइसलँडपासून केरळपर्यंत. प्रमाण कमी आहे, बहुतेक बरे झाले. पण 'झाडपाला आहे, अपाय काही नाही' हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही.

आत्या, तुझं आलं बरं का. आत्या बारा वर्षं थायरॉइडची गोळी घेते. २०२० मध्ये करोनात सगळ्यांनी काढे सुरू केले तेव्हा तिने अश्वगंधाही सुरू केली, आणि भावाला 'गुण आल्यावर' चमचा दुप्पट केला. गेल्या वर्षी तिला धडधड, घाम, रात्री झोप नाही. आम्हाला वाटलं घराण्यातच आहे की काय! टीएसएच तपासलं तर फारच खाली गेलेलं. अश्वगंधा थायरॉइडचं काम वाढवू शकते, आणि हिची गोळी वरून चालूच. डॉक्टरांनी चूर्ण बंद केलं, गोळी तीच ठेवली, तीन महिन्यांनी टीएसएच जागेवर. आत्या म्हणते योगायोग. असेल. डॉक्टरही 'बहुधा चूर्णच' म्हणाले, शंभर टक्के नाही म्हणाले. पण आत्या, डबा तू मला दिलास, तो मी परत देणार नाही.

भावाचं आता असं आहे. बेंझोडायझेपिन २०२४ च्या मे महिन्यात पूर्ण सुटलं. एसिटॅलोप्रॅम वर्षभर पूर्ण डोस, मग तक्त्याप्रमाणे उतरवत आणलं. मध्ये एकदा उतरवताना त्रास झाला, परत एक पायरी वर गेले, पुन्हा उतरले. क्वालिटीतून त्याने प्लॅनिंगला बदली मागून घेतली, पगारवाढ बुडाली, तिसरी पाळी सुटली. यातलं नेमकं कशाने किती बरं वाटलं हे त्याला विचारलं तर तो म्हणतो, "सगळं एकदम बदललंस तर रूट कॉज कळत नाही ताई."

वैद्यांकडे तो अजूनही जातो. महिन्यातून एका गुरुवारी अभ्यंगाला. डॉक्टरांना विचारलं होतं, त्या म्हणाल्या तेल लावून घेण्याला माझी कशाला परवानगी? वैद्यांनाही त्याने गोळीचं सांगितलं. ते म्हणाले, आधीच सांगितलं असतंत तर अरिष्ट दिलं नसतं. मला हे फार पटलं. दोघांनाही सगळं माहीत असतं तर दोघंही शहाण्यासारखे वागले असते.

गोळीची पट्टी आता टेबलावर असते, लोणच्याच्या बरणीशेजारी. भावजयीने ठेवली. पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा भाऊ क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "भीतीची गोळी आहे." विचारणारे त्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. जाताना दारात चपला घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर कोण?"

त्यानंतर त्याच्याकडे असे चौघं विचारून गेलेत. तो डॉक्टरांचं नाव देतो, गोळीचं देत नाही. आणि ज्यांना एवढंही जमत नाही त्यांना १४४१६ हा नंबर देतो. टेलिमानस, सरकारची फुकट हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुम्हीही लिहून ठेवा.

परवा आत्याचा फोन होता. तिच्या जावेला म्हणे रात्री-बेरात्री धडधडतं. "ती तुझ्या भावाची गोळी कुठली गं? नाव पाठव, इथल्या मेडिकलमध्ये बघते." मी म्हटलं, आत्या, गोळीचं नाव नाही मिळणार. आधी थायरॉइड तपासायला सांग.